गुळाचा डबा

"हा ढीग कुठल्या बाजूचा?" शेतकी कॉलेजच्या बाईंनी विचारलं.

धापूला स्वतःलाच चटकन सांगता येईना. असगंधाचे, म्हणजे अश्वगंधेचे, दोन्ही ढीग सारखे, मुळं अंगठ्याएवढी जाड. हेच तर दुखणं होतं. अर्ध्या रानाला जिवाणूंचं पाणी घालायचं, अर्धं कोरडंच ठेवायचं. फरक दिसला तर गावाला जिवाणू पुरवायचं काम धापूचं, असं ठरलं होतं. पाच महिने तिने पिंपात गूळ कालवून ते पोसले. बादल्या वाहून कंबर मोडून घेतली. पिंपातलं पाणी भराभर उतरायचं, तेव्हा ती उन्हाला शिव्या घालायची.

"फरक नाही." बाईंनी वहीत लिहायला घेतलं. "यंदा पाऊस बरा झाला, त्याचा गुण. उद्या माणूस पाठवते, पिंप परत द्या."

धापूच्या डोळ्यांत पाणीच आलं. मेलं नशीबच फुटकं!

बांधावर सासरा, भेरूलाल, खणणाऱ्या बायांना कणकेचे भाजलेले बाफले वाढत होता. प्रत्येकीच्या पानावर तूप सारखं पडलं ना, हे वाकून बघत होता. सासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून लग्नापासून धापू जे काय ते म्हशीला ऐकवायची. पदर पुढे ओढून ती बांधावर बांधलेल्या म्हशीकडे वळली.

"बघ गं भुरे! 'किडे पाळतेस' म्हणून पाच महिने माझी चेष्टा. वर डॉक्टरांनी मामंजींचं गोड बंद केलंय, तरी गुळाचा डबा सारखा रिकामा! माझ्या जिवाणूंच्या तोंडचा घास पळवला. उपाशीपोटी ते काय कपाळ काम करणार?"

खणणाऱ्यांतली कंचनबाई घास तोंडात तसाच ठेवून फिस्सकन हसली. बाईंचं पेन थांबलं.

भेरूलालने तुपाची वाटी खाली ठेवली, पागोटं सारखं केलं आणि तोही म्हशीकडेच वळला.

"भुरे, आमच्या लाडीला, सूनबाईला सांग, गुळाला मी तोंड लावलेलं नाही. पहाटे उठून तिच्याच पिंपात कालवला नि त्या कोरड्या बाजूला बादल्या ओतल्या. किडे का असेनात, पण अर्ध्या रानाला जेवू घालायचं नि अर्ध्याला नुसतं बघत बसवायचं, असला पंक्तिप्रपंच आपल्या घरात चालत नाही म्हणावं."