बहाव्याचा जबाब

रझाकार गेले त्या साली झरी गावातल्या आमच्या अंगणात म्या बहावा लावला. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, भांड्याचं पाणी घातलं. आठ वर्षांत झाड घराच्या वर गेलं, पन एक पिवळं फूल न्हाई.

शेजारची भिवराबाई म्हणली, "केवळे, त्याला भेव दाव. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं हात जोडायचे. अशानं लय झाडं फुलल्यात."

चैतातल्या भर दुपारी माझ्या मालकांनी कुऱ्हाड घेतली. मारायला त्यांना कारण लागत न्हाई. उलट्या कुऱ्हाडीनं त्यांनी खोडावर दणका हानला. "फुलतो का तोडू?"

"मारू नका, औंदा फुलतो," असं म्या म्हणायचं ठरलं होतं. पन माझं तोंड उघडायच्या आधीच खोडातनं आवाज आला.

"मारू नका हो. भाकर पुन्हा न्हाई करपणार."

आवाज माझा होता. बोल बी माझेच, बंद दाराआडचे, रोजचे.

मालक पांढरे पडले. मग चवताळून पात्यानंच घाव घालू लागले. साल फाटली, लाल चीक वाहिला, आन् झाड माझ्या आवाजात वरडत राहिलं. भिवराबाई कुंपणाशी आली. ती झाडाकडं न्हाई, माझ्याकडं बघायली होती.

शेवटी कुऱ्हाड मालकांच्या हातातून निसटली. घरात ठेवावी म्हणून म्या ती उचलली.

तवा झाड पुन्हा बोललं. या बारीला आवाज मालकांचा होता.

"केवळे, मारू नको गं."

मालक माझ्यासमोर उभे होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

खरं सांगते, तवर माझ्या मनात तसलं काहीच नव्हतं.