ताडगुळाचं घर

ताडगूळ करणाऱ्या सारिनच्या लिंगाची पुढची कातडी सुजली, चिरली, आत फोड आले. गूळ विकायला तो नॉम पेन शहरात जायचा, त्यामुळे त्याची बायको चान्थू काय समजायचं ते समजली.

“कुठल्या सटवीकडे जाऊन आलात?”

“बुद्धाची आण, कुणाकडे नाही गं.”

“मग ताडावरून पडलं का हे?”

तिने त्याचं अंथरूण खांबांवर उभ्या घराखाली टाकलं. आपण स्वच्छ आहोत हे तिला पटावं म्हणून तो सकाळ-संध्याकाळ कपड्याच्या साबणाने घासून धुवायचा, आणि जखम आणखीच चिघळायची. तहान भागेना म्हणून ताडावर बसूनच घटाघटा नीरा प्यायचा. वाळून काडी झाला, तेव्हा चान्थू म्हणाली, “पाप बाहेर पडतंय अंगातून.”

एके सकाळी तो कढईपाशी कोसळला. दवाखान्यात नेलं, पण दुपारी त्याने प्राण सोडला.

“बाईबिई काही नव्हतं हो मावशी,” तरुण डॉक्टरीण म्हणाली. “रक्तात साखर वाढली होती. त्यानेच तिथे सारखे फोड येत होते. साबण न लावता साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं ठेवायचं आणि रक्त तपासून औषध घ्यायचं, एवढंच तर होतं. त्यांच्या लघवीला मुंग्या लागत असतील, तेही दिसलं नाही तुम्हाला?”

चान्थू नखांत अडकलेला गूळ उकरत राहिली.

“आमच्या घरात मुंग्या कशाला लागत नाहीत, पोरी?”