डावी कूस

अंबुजाबाईंनी धाकट्या भावाला, त्यागराजाला, आपली डावी किडनी दिली होती. तरी तो वाचला नाही; कावेरीकाठी त्याचं दहन झालं.

आता त्यांची उरलेली किडनीही थकली होती. चित्र उजळवणारं औषध तिला सोसलं नसतं, म्हणून डॉक्टरांनी औषधाविनाच एमआरआय सांगितला. तंजावरात ते यंत्र नुकतंच आलं होतं.

श्वासाबरोबर किडनी हलते नि चित्र बिघडतं. म्हणून काचेपलीकडून तंत्रज्ञ प्रवीणकुमार सारखा सांगत होता, "अम्मा, श्वास धरा." यंत्राच्या बोगद्यात निजलेल्या अंबुजाबाई निमूटपणे धरत होत्या.

"दोन्ही किडन्या स्पष्ट दिसतायत, अम्मा."

"दोन्ही? मला एकच आहे रे!"

त्यानं चित्र पुन्हा तपासलं. मग म्हणाला, "पुन्हा एकदा धरा."

त्यांनी धरला. डाव्या कुशीत, जुन्या व्रणाखाली, ऊब पसरत गेली.

"श्वास नीट धरला होता ना?"

"धरला होता. का?"

"उजवी स्थिर होती," तो म्हणाला. "डावी मात्र वरखाली होत राहिली."

यंत्राची ठणठण थांबली. त्या शांततेत अंबुजाबाईंनी ओठ घट्ट मिटून श्वास रोखला.

कुशीतला श्वास चालूच राहिला.