आठवड्यातली चौथी पार्टी

"ओल? नावाला नाही. हात लावून बघा," घरमालक बद्रीनाथकाका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच भिंतीवर तळवा फिरवला.

प्रेमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गेल्या मे महिन्यात त्याच भिंतीचे पोपडे तिने खरवडून काढले होते, पदरचे पैसे घालून वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. तेव्हा काका फोनसुद्धा उचलत नव्हते. आता मात्र ते भिंतीला असं थोपटत होते, जणू लहानाची मोठी त्यांनीच केलीय.

कोथरूडमधला वन बीएचके, दुसरा मजला, भाडं अठरा हजार. अकरा महिन्यांचा करार महिनाअखेरीला संपत होता आणि पुढच्या कराराला काकांना चोवीस हवे होते. "घर बघा ना कसं चकाचक आहे," हे त्यांचं कारण. चकाचक कोणी केलं, हे विचारायची सोय नव्हती. प्रेमला हो-नाही करतेय तोवर त्यांनी घर दाखवायला माणसं आणायलाही सुरुवात केली. काका त्यांना 'पार्टी' म्हणत. आजची या आठवड्यातली चौथी: तेजस आणि शेफाली, दोघंही आयटीतले, नवीन लग्न झालेले.

आतल्या खोलीत प्रेमलाची मुलगी अक्षता पलंगावर वह्या पसरून बसली होती. दहावीची परीक्षा सुरू होती, उद्या बीजगणिताचा पेपर. या रविवारी कोणाला आणू नका, असं प्रेमलाने काकांना दोनदा बजावलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे हो," म्हणत ते आत आलेच.

सकाळी ड्यूटीवर निघताना तिचा नवरा भीमराव म्हणाला होता, "देऊन टाकू चोवीस. परीक्षेच्या मध्यात पोरीला घेऊन कुठे फिरणार?"

प्रेमलाने काकांना बाजूला घेतलं. "काका, आम्ही देतो चोवीस. यांना नाही म्हणून सांगा."

बोलताना तिची तिलाच चीड आली. घर नीटनेटकं आपण करायचं, त्याचे जादा सहा हजार आपणच मोजायचे, आणि वर गयावया करायची तीही आपणच.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता ही मंडळी पार हिंजवडीहून आलीत. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं."

तेजसने ऐकलं. "अंकल, आम्ही सव्वीस देऊ. टोकन आत्ताच ट्रान्स्फर करतो."

मुलगा सभ्य होता. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत आला होता. म्हणूनच प्रेमलाला त्याचा जास्त राग आला.

काकांचा मोबाईल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा वर केला आणि एकदम प्रेमळ झाले.

"प्रेमलाताई, अगदी महिनाअखेरीलाच निघा असं मी म्हणत नाही. पेपर संपेपर्यंत राहा खुशाल. माणुसकी आहे आपल्यात. तेवढ्या दिवसांचं भाडं फक्त नव्या रेटने द्या."

शेफाली स्वयंपाकघरात डोकावली. "काकू, ह्या ट्रॉल्या तुम्ही बसवल्यात? त्या राहणार ना?"

"राहतील की. नीट वापरा. काही मोडलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करा, रंगही लावून घ्या. म्हणजे पुढच्या वर्षी काकांना तुमच्याकडे बत्तीस मागता येतील."

शेफालीने तेजसकडे पाहिलं. तेजसने मोबाईलकडे पाहिलं. पैसे गेले होते.

"ताईंचा स्वभाव जरा विनोदी आहे," काका हसून म्हणाले आणि आतल्या खोलीच्या दारात गेले. "बाळ, ऊठ जरा. यांना पलंगाच्या जागेचं माप घ्यायचंय."

अक्षता निमूटपणे वह्या गोळा करायला लागली. आधीच्या तीन पार्ट्यांनी तिला तेवढी सवय लावली होती. ते पाहिलं आणि प्रेमलाच्या मस्तकात तिडीक गेली.

"तू बस. जागची हलू नकोस." मग ती काकांकडे वळली. "महिनाअखेरपर्यंतचं भाडं मी भरलंय. तोवर हे माझं घर आहे, आणि माझ्या घरात आत्ता पोरीचा अभ्यास चाललाय. चपला घाला."

"अहो, पण फ्लॅट माझ्या नावावर..."

"चपला घाला, काका."

दार लागलं. आतून कडीही लागली. तेजस आणि शेफाली जिना उतरून गेले. बद्रीनाथकाका स्वतःच्याच फ्लॅटच्या बंद दारासमोर एका पायावर उभे राहून दुसरी चप्पल शोधत होते.