गिरिजा टीचरांचं कार्ड

धारवाडच्या ट्रेनिंगला गिरिजा टीचर नाखुशीनंच गेल्या होत्या. बँकेचा धडा त्यांना तोंडपाठ होता. ‘पिन कुणालाही सांगू नये’ हे तर त्या मुलांकडून घोकून घ्यायच्या. आता त्यात नवीन काय शिकायचं?

शिकवायला आलेल्या बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या येताना आपापलं एटीएम कार्ड आणा." सगळ्या टीचर एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. बहुतेकींची कार्डं नवऱ्यांच्या पाकिटात होती.

"ट्रेनिंगला लागतंय," म्हणून गिरिजा टीचरांनी नवऱ्याकडून, म्हणजे माधवरावांकडून, आपलं कार्ड मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुपचूप परतही केलं.

पगार झाल्यावर दोघं नेहमीसारखे कोप्पीकर रोडच्या एटीएमवर गेले. पैसे माधवराव काढायचे, टीचर पिशवी धरून मागं उभ्या राहायच्या. आज मशीन पिन घेईना. माधवरावांनी पुन्हा दाबून पाहिला, मग दाजीबानपेठेतल्या आपल्या दुकानात बोलावं तशा ठसक्यात म्हणाले, "मशीन बिघडलंय."

"मशीन चांगलं आहे. पिन मी बदललाय."

टीचरांनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पुढं झाल्या. बटणावर बोट ठेवून वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तोंड तिकडं करा. पिन टाकताना दुसऱ्यानं बघायचं नसतं."