एका पायात चप्पल, एका पायात बूट

शांघायच्या त्या रस्त्यावर झोपायच्या कपड्यांत मिरवायची फॅशन वेनशियूच्याच कॅमेऱ्याने गाजवली होती.

आज तिला आईचा फोन आला. "तुझे बाबा घराबाहेर पडलेत गं! तुझ्या त्या फॅशनच्या रस्त्याकडे गेलेत म्हणे. अंगात पट्ट्यांचा पायजमा, एका पायात चप्पल, एका पायात बूट. हल्ली त्यांना काही आठवत नाही, कुणी अडवलं कसं नाही?"

वेनशियू धावत कोपऱ्यावर वाफाळते बाओ, म्हणजे सारण भरलेले पाव, विकणाऱ्या मावशींकडे गेली. "मावशी, पट्ट्यांच्या पायजम्यातले एक आजोबा दिसले का?"

"दिसले की! तुझ्या व्हिडिओसाठी काय नट शोधलास गं!" मावशी हसल्या.



त्या पुढे म्हणाल्या, "'माझं घर कुठंय' म्हणून ज्याला त्याला विचारत होते, डोळ्यांत खरंखुरं पाणी. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."