एकाच मोसमाचं कार्ड

क्लीव्हलंडला शौकीन जमवतात त्या बेसबॉलपटूंच्या जुन्या फोटो-कार्डांच्या प्रदर्शन-विक्रीत काचेखाली आपलाच तरुणपणचा फोटो बघून म्हातारे एल्रॉय प्रुइट थबकले.

"हे एवढं महाग का हो?"

"आजोबा, हा गडी एकच मोसम टिकला. याची कार्डं छापलीच थोडी," विक्रेता म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी ते कार्ड विकत घेतलं, फोटोशी ताडून एल्रॉयना निरखून पाहिलं आणि पेन पुढे केलं. "सही कराल, प्रुइटसाहेब?"

विक्रेता ओरडला, "अहो, शाई लागली तर किंमत उतरेल!"

"विकायचंय कुणाला? यांचा खेळ बघून आल्यावर वडिलांनी माझ्या भावाचं नाव एल्रॉय ठेवलं."

एल्रॉयनी पाठ ताठ केली, पेन घेतलं. विक्रेत्याला म्हणाले, "जरा सरका, उजेड येऊ द्या."